नोंद क्रमांक १८७

सदाशिव पेठ, पुणे
१४ जून २००२

मंदाताई,

साष्टांग नमस्कार घालायला हवा, पण डावा गुडघा संपावर आहे. तेव्हा मनातल्या मनात घातला आहे. तूही तिकडून मनातल्या मनातच आशीर्वाद दे, पाकिटाचं वजन वाढत नाही.

एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. विषय : सुतळी.

काल दुपारी श्रीनिवासनं माझ्याकडे कागदांचा एक गठ्ठा पाठवला. गठ्ठ्याला सुतळी होती. सुतळी या वस्तूशी माझं वैर नाही. पण या सुतळीला सात गाठी होत्या आणि सातही निरगाठी. सोडवणाऱ्याविषयी बांधणाऱ्याच्या मनात काडीचीही दया नव्हती, हे पहिल्या गाठीलाच कळलं. मी पाऊण तास नखांनी झुंजलो. हिरा म्हणाली, "अहो, कात्री आहे घरात."

"कात्री लावली तर सुतळी वाया जाईल."

"आणि तुम्ही?"

या प्रश्नाचं उत्तर मी राखून ठेवलं आहे.

गठ्ठ्यात एका पुस्तकाची प्रुफं निघाली. '३०१ इंग्रजी वाक्प्रचार : अर्थ व उपयोग'. आतली ओळ न् ओळ माझी आहे. माझी म्हणजे निम्मी तुझी. तू तिकडून पत्रात काहीतरी अमेरिकन लिहायचीस, मी त्याचा अर्थ विचारायचो, तू कळवायचीस आणि मी चिठ्ठीवर उतरवून बुटांच्या खोक्यात टाकायचो. सुरुवात आठवते? १९९० साली तू गाडी गॅरेजच्या दाराला घासलीस आणि लिहिलंस की ते पाहून श्यामराव 'हिट द रूफ'. मी उलट टपाली विचारलं, मेहुण्यांना टाके किती पडले? मला वाटलं, गाडीत उसळून त्यांचं डोकं छताला आपटलं. तू महिनाभर हसत होतीस. त्या लाजेपायी मी चिठ्ठ्या करायला लागलो. बारा वर्षं केल्या.

श्रीनिवासचं तुला सगळं माहीतच आहे. त्याला बहीण नव्हती म्हणून तू भाऊबीजेला त्यालाही माझ्या शेजारी पाटावर बसवून ओवाळायचीस. त्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटची सव्वीस यंत्रं भंगारात गेली, त्याच वर्षी आमच्या शाळेनं संस्कृतची खोली संगणकांना दिली. खोलीबरोबर मीही गेलो. मग त्याची टेबलं आणि माझं इंग्रजी यांचा क्लास निघाला. मला इंग्रजी संस्कृतसारखं येतं. म्हणजे बोलता येत नाही, पण चुकत नाही. त्याचं नेमकं उलट. म्हणून तो बोलायचा आणि मी तयारी करून द्यायचो. चार वर्षं हे उत्तम चाललं.

आता मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात आहे, 'संपादक : प्रा. श्रीनिवास'. हा प्राध्यापक कधी झाला ते मला प्रुफांवरूनच कळलं. माझं नाव शोधायला भिंग लागलं नाही, चष्मा पुरला. चौथ्या पानाच्या तळाशी, छापखान्याच्या पत्त्याच्या वर : 'मुद्रितशोधन'.

मी फोन केला. "श्रीनिवास, मुखपृष्ठावर जागा कमी पडली का रे?"

"बाळ, दोन नावं असली की लोक गोंधळतात. आणि खरं सांगू का, इंग्रजीच्या पुस्तकावर संस्कृतच्या मास्तराचं नाव? हसतील रे."

"बरोबर."

"राग नाही ना आला?"

"छे."

"मग प्रुफं लवकर दे. तुझ्याइतकं शुद्ध कोण वाचणार?"

मी प्रुफं वाचणार आहे, ताई. अगदी मन लावून.

तुझा
बाळ


३ जुलै २००२

मंदाताई,

रविवारी फोनवर विचारलंस, "भांडलास का त्याच्याशी?" हिरा शेजारी उभी होती म्हणून बोललो नाही. नाही भांडलो. भांडणं हे घाईतल्या माणसांचं काम आहे.

मी तीनशे एक नोंदींतली एक बदलली.

तुला सगळं समजावून सांगतो, कारण एवढं सुबक काम केलं आणि ते एकालाही कळू नये हे मला सहन होत नाही. माझ्या मूळ चिठ्ठीत होतं : 'हिट द रूफ : तळपायाची आग मस्तकात जाणे, भयंकर संतापणे.' उपयोग म्हणून, मुलगा नापास झाल्याचं कळल्यावर बापाचं काय झालं, त्याचं वाक्य. छापायला गेलेल्या प्रुफात क्रमांक १८७ वर आता आहे : 'हिट द रूफ : अत्यानंद होणे, आकाश ठेंगणे वाटणे.' उपयोग : 'माय सन केम फर्स्ट अँड आय हिट द रूफ.'

हीच नोंद का, असं विचारशील. रागाच्या एकंदर चौदा नोंदी होत्या, मी सगळ्या पारखल्या. 'सी रेड'ला हात लावला असता तर शेंबडं पोरही फसलं नसतं. डोळे लाल होणं आपल्याकडेही रागाचंच आहे. 'ब्लो अ फ्यूज'चं तर बोलूच नको, फ्यूज उडाल्यावर कुणाला आनंद झालेला आपल्या पेठेत कुणी पाहिलेला नाही. पण हे छताचं प्रकरण वेगळं. आनंद झाला की आपल्याला आकाश ठेंगणं होतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला आकाशाच्या आधी छतच लागणार. कुठल्या मराठी माणसाला शंका येईल? चुकीचा अर्थ इतका शोभतो की मलाच दोनदा वाटलं, इंग्रजांचंच काहीतरी चुकलं असावं.

श्रीनिवासला कळणार नाही. त्यानं पुस्तक वाचलेलं नाही. संपादकाला तेवढा वेळ कुठे?

आता फक्त वाट पाहायची. हल्ली कंपन्यांची माणसं मुलं निवडायला थेट त्याच्या क्लासवर येतात. त्यांतला एखादा तिकडचं पाणी प्यायलेला साहेब चार माणसांत ते पान उघडेल, वाचेल, आणि विचारेल, "प्राध्यापक, हे काय?" तेव्हा मला फार जवळ बसायचं नाही. तिसऱ्या रांगेत बसायचं आहे, जिथून चेहरा नीट दिसतो.

तू म्हणशील, बाळ, तू असा नव्हतास. होतो गं. संधी नव्हती.

बाळ


३० सप्टेंबर २००२

मंदाताई,

काल प्रकाशन झालं. मी तिसऱ्या रांगेत होतो.

प्रमुख पाहुणे एका सॉफ्टवेअर कंपनीचे मोठे अधिकारी. सात वर्षं अमेरिकेत काढलेली, टाय लावलेला. मला हवा होता अगदी तसाच माणूस. श्रीनिवासनं भाषणात 'बारा वर्षांची माझी तपश्चर्या' असे शब्द वापरले. बारा हा आकडा त्यानं बरोबर सांगितला, याचं कौतुक वाटलं. शेवटी 'आमचे हितचिंतक बाळासाहेब' म्हणून हात केला. मी उठून नमस्कार केला. हिरानं माझा सदरा मागून ओढला तेव्हा कळलं, मी बराच वेळ उभा होतो.

मग कार्यक्रमाचा मुख्य भाग. 'क्रमांक सांगा, अर्थ ऐका.' क्लासची एक मुलगी मंचावर उभी राहते, प्रेक्षकांनी एक ते तीनशे एकमधला कुठलाही आकडा ओरडायचा, ती वाक्प्रचार, अर्थ, उपयोग घडाघडा म्हणते. ही कल्पनाही माझीच. आम्ही रामः रामौ रामाः असंच पाठ केलं, तेव्हा इंग्रजीचंही तसंच करावं, असं मी पहिल्या वर्षीच ठरवलं होतं. अर्थ नंतर कळतो, आधी जीभ वळली पाहिजे.

मुलगी पूर्णिमा. धायरीला राहते. घरचे नांदेडकडचे, वडील नागोराव सिंहगड रस्त्यावर एका कारखान्यात कामाला. दोन वेण्या, इस्त्रीचा ड्रेस, हात घट्ट मागे. कुणी 'चाळीस' म्हणालं, कुणी 'दोनशे नऊ', कुणी मुद्दाम 'तीनशे दोन'. त्यावर ती म्हणाली, "सर, तो अजून छापायचाय." सभागृह हसलं. एकही चुकली नाही. ताई, मी एकतीस वर्षं शिकवलं, असं पाठांतर माझ्या वर्गात तिघांचं होतं.

आणि मग मी ओरडलो, "एकशे सत्याऐंशी!"

माझाच आवाज मला ओळखता आला नाही. पूर्णिमानं क्षणभर डोळे मिटले आणि खणखणीत म्हणाली, "हिट द रूफ. अत्यानंद होणे, आकाश ठेंगणे वाटणे. माय सन केम फर्स्ट अँड आय हिट द रूफ."

मी पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुणे मोबाइलवर काहीतरी वाचत होते. टाळ्या पडल्या तसे दचकले आणि त्यांनीही वाजवल्या. सगळ्यांत जास्त वेळ.

उतरल्यावर पूर्णिमा माझ्याकडे आली. "सर, तो तुम्ही मुद्दाम अवघड विचारला ना? माझा कच्चाच होता तो. आता आयुष्यभर नाही विसरायची."

मी म्हटलं, "शाब्बास."

बाळ


८ नोव्हेंबर २००२

मंदाताई,

तुझं पत्र. वाचलं, दोनदा वाचलं. 'चूक दुरुस्त कर, नाहीतर मी श्रीनिवासला फोन करीन,' असं लिहिलंयस. तू तसं करणार नाहीस. तुला दोन भावांतला एक निवडावा लागेल आणि तुला ते कधीच जमलं नाही. ओवाळताना निरांजनसुद्धा बरोबर मध्यभागी धरायचीस.

तो यंदा भाऊबीजेला आला होता. तू नसलीस तरी येतो, ओट्यावर चिवडा खातो आणि तुझी आठवण काढतो. यंदा चिवडा खाल्ला, क्लासची दुसरी शाखा बिबवेवाडीला काढतोय म्हणाला, पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय म्हणाला. "तुझी तब्येत कशी?" असं विचारलं आणि उत्तर यायच्या आत चपला घातल्या. त्यानं एकदा म्हणावं, बाळ, तुझं नाव राहिलं रे. एवढंच. दुसऱ्या आवृत्तीत मी एकशे सत्याऐंशी गुपचूप सुधारून दिलं असतं. पण तो म्हणाला नाही.

तूच सांग, माझं काय चुकलं? थांब, सांगू नको.

दुसरी बातमी. पूर्णिमाला नोकरी लागली. कॉल सेंटर, अमेरिकेतल्या एका टेलिफोन कंपनीचं काम. तिथं तिचं नाव पॅम. आईवडिलांना घेऊन पेढे द्यायला आली होती. नागोराव खुर्चीवर टेकेनात, शेवटी हिरानं रागावून बसवलं. ते म्हणाले, "मास्तर, आमच्या घरात टेबलापाशी बसून काम करणारी ही पहिली. मुलाखतीत सगळं तुमच्या बुकातलं इच्यारलं म्हणे."

"बुक माझं नाही," मी म्हटलं. "श्रीनिवास सरांचं आहे."

"असू द्या की. शिकवलं तर तुम्हीच."

त्या वेळी सांगता आलं असतं. पोरी, एक नोंद चुकलेली आहे, खोडून टाक. एका वाक्याचं काम होतं. पण पेढा तोंडात होता.

नंतर मी मनाशी हिशोब मांडला. टेलिफोनचं बिल, पत्ता बदल, जोडणी बंद. त्यात कुणाला आनंद व्हायचा प्रसंग कुठे येतोय? तीनशे एकातली ही एक तिच्या ओठांवर कधी येणारच नाही.

बाळ


२४ जानेवारी २००३

मंदाताई,

ती आली ओठांवर.

पूर्णिमा आज दुपारी एकटीच आली. पेढे नव्हते, पुस्तक होतं. पानांच्या कडा काळ्या झालेल्या. म्हणाली, "सर, मला काढलं."

"कुणी?"

"कंपनीनं. वरून शेरा आला. मला कळंना झालंय माझं काय चुकलं. तुम्ही ऐकता का?"

तिथले सगळे फोन ध्वनिमुद्रित होतात आणि नंतर तपासतात. तिला ते तीनदा ऐकवलं म्हणे, म्हणून तिला शब्द न् शब्द पाठ आहे. माझ्या समोर बसून तिनं दोन्ही बाजू म्हणून दाखवल्या. समोरचा कुणी म्हातारा. बायको गेलेली. घर विकायला काढून मुलाकडे दुसऱ्या राज्यात राहायला निघालाय, म्हणून फोनची जोडणी बंद करायची होती. बोलायला त्याला बरंच होतं. मुलाचं नाव, नातवाचं नाव, किती वर्षांत भेट नाही ते. तिला शिकवलेलं होतं, नियमाचं बोलून झालं की एखादं वाक्य आपुलकीचं बोलावं. ती म्हणाली, "सर, युवर सन विल हिट द रूफ व्हेन ही सीज यू."

"मग?"

"मग तो काही बोललाच नाही, सर. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाला, माझ्या मुलानं तुम्हाला फोन केला होता का? तो काही बोलला का? मी म्हटलं, नो सर, बट आय ॲम शुअर ही विल. तर त्यानं सांगितलं, जोडणी बंद करू नका. आणि ठेवला."

तक्रार त्यानं केलीच नाही. तपासणाऱ्यांच्या कानावर आलं. ग्राहकाशी उद्धट बोलली, असा शेरा मारून तिला घरी पाठवलं. ती श्रीनिवासकडे गेली. तो म्हणाला, तुझा उच्चार चुकला असेल.

असो. मुद्दा तो नाही. मुद्दा पुढे आहे.

तिनं पुस्तक माझ्यापुढे उघडून ठेवलं, बरोबर त्या पानावर. "सर, यात असंच आहे ना? मी तर कानामात्रा बदलला नाही."

ताई, मी सात महिने ज्याची वाट पाहत होतो ते माझ्या समोर उघडं पडलं होतं. मी शांतपणे म्हणालो, "पूर्णिमा, तुझं काही चुकलं नाही. पुस्तक चुकलंय. याचा अर्थ भयंकर संतापणे असा आहे."

तिनं ते पान पुन्हा वाचलं. "म्हणजे मी त्याला सांगितलं, तुझा पोरगा—"

"हो."

"पण छापलंय की, सर!"

मी पुस्तक मिटलं आणि मुखपृष्ठ तिच्याकडे फिरवलं. "यावर नाव कुणाचं आहे, वाच."

तिनं वाचलं. मी दुसरं काही बोललो नाही. मला वाटतं, माझ्या हातून एवढी नेमकी गोष्ट दुसरी घडली नाही.

बाळ


३ फेब्रुवारी २००३

मंदाताई,

विजयवार्ता.

नागोरावांनी शिवी दिली नाही की काच फोडली नाही. शनिवारी, प्रवेशाच्या दिवशी, कामावर रजा टाकून ते क्लासच्या जिन्यात खालच्या पायरीवर पुस्तक मांडीवर घेऊन बसले. वर जाणाऱ्या प्रत्येक आईबापाला एकच वाक्य : "जाताव तर जा, पर हे बुक खोटं हाय. माझ्या पोरीची नोकरी गेली ह्यानं." दुपारपर्यंत वर कुणी जाईना. मी समोरच्या रसवंतीच्या बाकावर होतो. माझा तिसरा ग्लास चालू होता.

श्रीनिवास खाली आला. सगळ्यांच्या देखत त्यानं पुस्तक उघडून ते पान वाचलं. मला वाटतं, पहिल्यांदाच. ताई, तो चेहरा मला हवा होता तसा नीट दिसला. मग तो म्हणाला, "चूक माझी आहे. पुस्तकावर माझं नाव आहे, चूक माझी." आणि नागोरावांना हात धरून वर घेऊन गेला.

संध्याकाळी माझ्याकडे आला. बसला नाही. खिशातून एक चिठ्ठी काढून ओट्यावर ठेवली. माझीच, १९९० सालची. चिठ्ठ्यांची खोकी छपाईसाठी त्यानं नेली होती, ती त्याच्याकडेच आहेत.

"अक्षर तुझं. अर्थ बरोबर आहे."

"असणारच."

"मग प्रुफात तू बदललास."

"मग सांग की लोकांना. सांग, चिठ्ठीत बरोबर होतं. म्हणजे चिठ्ठ्या कुणाच्या तेही सांगावं लागेल. सांगतोस?"

ताई, तो काय बोलणार? मला चोर म्हणायचं तर आधी स्वतः चोर व्हावं लागतं. चार बाजूंनी बंद. मी हे ठरवून केलं नव्हतं, आपोआप इतकं सुंदर जमून आलं. हिरानं पाणी दिलं, ते तो उभ्यानं प्यायला. दारात थांबून म्हणाला, "त्या पोरीला सांगितलंस?"

"काय?"

"काही नाही."

आणि गेला. दुसरी आवृत्ती थांबली आहे. बिबवेवाडीची पाटी उतरली. मी रात्री दोन वेळा भात घेतला.

हिरा तीन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. तिला दाढ दुखत असावी.

बाळ


१२ फेब्रुवारी २००३

मंदाताई,

हे पत्र वाचून झाल्यावर लगेच फोन करू नकोस.

रविवारी नागोराव आले. खांद्यावर गावाकडच्या ज्वारीचं गाठोडं. माझ्या पायाला हात लावला, मी मागे सरकलो तर पुढे सरकून लावला. "मास्तर, तुम्ही नसता तर पोरीलाच खोटं ठरवलं असतं समद्यांनी." मग खाली मान घालून म्हणाले, "नोकरी जाऊ द्या, दुसरी मिळंल. श्रीनिवास सर बघाय लागलेत कुठं कुठं. पर पोरगी जेवंना झालीय हो. बोलंनाबी. तुमचं ऐकती ती."

ते गेले. हिरानं ज्वारी डब्यात भरली, झाकण लावलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "ही ज्वारी मी दळून आणणार नाही. तुम्हीच आणा. आणि तुम्हीच खा."

दाढ दुखत नव्हती तर. श्रीनिवास आला तेव्हा ती आत होती, आणि आपलं घर केवढं आहे ते तुला ठाऊक आहे.

सोमवारी बसनं धायरीला गेलो. गावाच्या मागे नवीन इमारती उठल्यात, त्यांच्या मधे पत्र्याच्या दोन खोल्या. पूर्णिमा आली, पाया पडली, समोर बसली. तिच्या आईनं, सुशीलाबाईंनी, चहा ठेवला. भिंतीवर वाक्प्रचारांचा तक्ता होता, तिच्या अक्षरात. एकशे सत्याऐंशीवर तिनं कागदाची पट्टी चिकटवून खरा अर्थ लिहिला होता.

मी सांगितलं. प्रस्तावना केली नाही. म्हणालो, "ती चूक श्रीनिवास सरांची नाही. मी केली. मुद्दाम केली. माझं त्याचं भांडण होतं. प्रकाशनाला तो आकडा मी ओरडलो, तोही मुद्दाम. तू पेढे घेऊन आलीस तेव्हा सांगू शकत होतो, नाही सांगितलं. आणि त्या दिवशी तुझ्यापुढे नाव फिरवलं, तेही भांडणासाठीच."

सुशीलाबाईंच्या हातात गाळणी तशीच राहिली.

मी तयारीनं गेलो होतो. ती ओरडेल, रडेल, पुस्तक अंगावर फेकेल. नागोराव कामावर नसते आणि त्यांचा एक फटका बसला असता, तर मी उंबरा ओलांडून शांतपणे घरी आलो असतो. पूर्णिमा यातलं काही करीना. एवढंच म्हणाली, "तुमचं भांडण सरांशी होतं ना?"

"हो."

"मग त्या आजोबांचं काय, सर?"

मला कळलंच नाही. मी विचारलं, "कुठल्या?"

तिनं माझ्याकडे जे पाहिलं, ताई, तसं माझ्याकडे कधी कुणी पाहिलेलं नाही. म्हणाली, "त्यांनी घर विकायचं ठरवलं होतं. सामान बांधून झालं होतं. नातवासाठी काहीतरी घेतलंय म्हणाले होते. मी दोनदा म्हटलं त्यांना. दोनदा. मला काढलं ते बरोबरच केलं. पण त्यांना कोण सांगणार? मी कंपनीत हात जोडले, एकदा फोन लावू द्या, माफी मागते. नाही म्हणाले. नंबर माझ्याकडे नाही. नाव माहितीये, पण ते बाहेर सांगायचं नाही असं लिहून दिलंय मी."

"मला सांग. माझी बहीण अमेरिकेत आहे."

"नाही सांगणार, सर."

तेवढीच ती माझ्याशी कठोर बोलली. चहा मी घेतला नाही. मला कुणी घ्या म्हणालं नाही.

येताना श्रीनिवासकडे गेलो. पूर्णिमाला सगळं सांगितलं, एवढं कळवलं. तो म्हणाला, "बरं." माझ्या नावाचं त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही. त्याच्यावरचा माझा राग तसूभर कमी झालेला नाही, हे तुला मुद्दाम लिहितो. नाहीतर तू पत्रातून भलताच अर्थ काढशील, आणि मला आता अर्थांची धास्ती वाटते. त्याच्याशी भांडायला अजून बरीच वर्षं आहेत. पूर्णिमा तिच्या गुणांवर उभी राहील, दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय. हिरा चार दिवसांनी का होईना, वळेल.

त्या सगळ्याची मला काळजी नाही.

मला झोप लागत नाही ती त्या माणसापायी. त्याचं नाव मला माहीत नाही, गाव माहीत नाही. तुझा देश केवढा आहे ते नकाशात पाहिलं आणि नकाशा मिटला. कदाचित मुलानंच फोन केला असेल, काय झालं म्हणून विचारलं असेल, सगळा उलगडा झाला असेल. पण मुलाचा फोन इतक्या वर्षांत फारसा आला नव्हता, असं तो पूर्णिमाला म्हणाला होता. तेही तिनं मला म्हणून दाखवलं होतं आणि मी तुला लिहिताना गाळलं.

मला वाटतं, तो गेला नसेल. बांधलेलं सामान तसंच ठेवून तो त्या घरात एकटा बसला असेल, आणि आपण मुलाला नको आहोत असं त्याला वाटत असेल. आणि हे त्याला मी सांगितलं.

बाळ